खाशाबा जाधव : सहाव्यापासून तिसऱ्यापर्यंत

डिसेंबरच्या अखेरीस आमच्या क्रीडा विभागाच्या सरांनी मला बोलावून घेतले आणि सांगितले की १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन आहे, त्या दिवशी सभागृहात खाशाबा जाधवांवर पाच मिनिटे बोलायचे. मी नाही म्हणण्याच्या बेतात होतो. एक तर मी दोन महिन्यांपासून मैदानावर जाणे सोडले होते. दुसरे म्हणजे खाशाबांविषयी मला ठाऊक होती ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ : स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हेलसिंकी, १९५२, कांस्य. भरती परीक्षांच्या तयारीला लागलेल्या आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ती पाठ आहे. पण सरांपुढे नाही म्हणणे जमले नाही आणि मी ग्रंथालयात जाऊन बसलो.

पहिले भाषण मी एका रात्रीत लिहिले. त्यात गरिबी होती, पदक होते, नंतरची उपेक्षा होती आणि शेवटी सरकारवर भरपूर टीका होती. टाळ्या नक्की मिळाल्या असत्या! सरांनी कागद वाचला, परत दिला आणि एकच गोष्ट विचारली. हा माणूस १९४८ साली लंडनला सहावा आला होता आणि १९५२ साली तिसरा आला. मधल्या चार वर्षांत त्याने काय केले, ते यात कुठे आहे? मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मला का झोंबला हे सांगण्यासाठी आधी थोडे माझ्याविषयी सांगणे भाग आहे. वाचकांनी क्षमा करावी.

मी देवळी तालुक्यातल्या एका लहान गावचा. बाबा सालदार आहेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. शाळेत कबड्डी खेळायचो ती काळ्या मातीवर. पावसाळ्यात खेळ बंद, कारण पाय घोट्यापर्यंत रुततो. बास्केटबॉलचे मैदान मी पहिल्यांदा पाहिले ते वर्ध्याला कॉलेजात आलो तेव्हा. उंची पाच फूट चार इंच. त्या उंचीवर कोणी बास्केटबॉल खेळते का असे संघातल्या मुलांनी मला तोंडावर विचारले होते. पण पाय चपळ होते, चेंडू घेऊन समोरच्याच्या बगलेतून निघायची कबड्डीतली सवय कामी आली आणि पहिल्याच वर्षी मी संघात आलो.

बुटांचा प्रश्न निघाला. चपलेवर किंवा अनवाणी खेळता येत नाही हे घरी पटवण्यातच आठ दिवस गेले. शेवटी दीड हजार रुपये जमले. त्यातले काही आबाजींच्या निराधार पगाराचे, काही मावशीचे आणि बाकीचे गावातल्या किराणा दुकानदार काकांकडून उसने, वहीत लिहून. सगळ्या आळीला ठाऊक झाले की अमक्याचा मुलगा नागपूरला खेळायला चालला आहे. नागपूरला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. सामना बंद हॉलमध्ये होता, खाली लाकडाची गुळगुळीत फरशी. सिमेंटवर शिकलेले माझे पाय तिथे थांबायचे तिथे थांबेनात. तीनदा ट्रॅव्हलिंग झाले, दोनदा चेंडू हातातून गेला. गावी परतल्यावर मी दुकानाच्या गल्लीने जाणेच टाळू लागलो. यंदा ऑक्टोबरमध्ये एका निवड चाचणीत माझे नाव आले नाही. माझ्यापेक्षा उंच पण, माझ्या मते, माझ्याहून कच्चा खेळणारा मुलगा घेतला गेला. मी बूट पेटीत ठेवून दिले.

आता खाशाबांकडे वळतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर गावचा. हे गाव कराडला अगदी लागून आहे. आमच्या वर्धा स्टेशनवरून जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरला जाताना कराडला थांबते. म्हणजे एका गाडीचा रस्ता आहे, पण आमच्या गावातले कोणी त्या बाजूला गेल्याचे मला माहीत नाही. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरात कुस्ती असल्यावर मुलाला ती वेगळी शिकवावी लागत नाही. आखाड्याच्या कडेला बसून मोठ्यांचे डाव पाहतच ते वाढले. पोहणे, धावणे, मल्लखांब, वजन उचलणे हेही सारे चालू होते. अंगाने मात्र लहान. मोठा पहिलवान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जे धिप्पाड शरीर उभे राहते, तसे ते कधीच नव्हते.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. मध्येच १९४२ चे आंदोलन आले. सातारा जिल्हा त्या वर्षी कसा पेटला होता हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. खाशाबा तेव्हा सोळा वर्षांचे होते; भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोचवणे अशी कामे त्यांनी केली. शाळा संपली तेव्हा त्यांनी विशी ओलांडली होती. हे वाचून मला बरे वाटले, हे मी लपवत नाही. आमच्याकडेही शेतीच्या हंगामामुळे शाळेत मागे पडलेली मुले आहेत आणि त्यांना वाटते की आता वय गेले.

पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला राजाश्रय दिला, पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या, खासबागेचे मैदान बांधले गेले. ते मैदान अजून आहे. अशा गावात कुस्तीगिरांची काय वाण! तिथे गोळेश्वरचा हा लहान चणीचा मुलगा कोणाच्या नजरेत भरावा? असे सांगतात की कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या शरीराकडे पाहून नाव घेतले नाही. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकर यांनी परवानगी दिली आणि त्या स्पर्धेत खाशाबांनी आपल्याहून थोराड गड्यांना लोळवले. हे प्राचार्य खर्डेकर पुढे पुन्हा येणार आहेत, म्हणून वाचकांनी नाव लक्षात ठेवावे.

बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे वस्ताद. दुबळ्या अंगाला बळाचा खेळ परवडत नाही, हे जाणून खाशाबांनी चपळाई आणि डाव यांवर भर दिला. ढाक हा त्यांचा खास डाव. समोरच्याची मान आणि हात आवळून, आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालून त्याला पाठीवरून पलीकडे फेकायचे. ज्याने हा डाव आखाड्यात पाहिला असेल त्याला ठाऊक आहे की तो बसतो तेव्हा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गडी आकाशाकडे पाहत असतो. आणि चुकला तर मारणाराच खाली येतो. ढाक मारणाऱ्याला धीर लागतो, क्षण ओळखावा लागतो.

कॉलेजात आल्यावर थोड्याच काळात, १९४८ साली, लंडनच्या ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत होते. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. वय बावीस, वजनगट फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोचा. आणि तिथे जाऊन त्यांना कळले की आपण जी कुस्ती शिकलो ती इथे नाही.

हा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. आपली कुस्ती तांबड्या मातीतली. ती माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते. तिच्यात अनवाणी पाय रुततो आणि रुतलेल्या पायावर जोर लावता येतो. गडी घामेजला की अंगाला माती चोळायची, म्हणजे पकड निसटत नाही. कुस्ती चालेल तितका वेळ चालते. पाठ टेकली, चीतपट झाला, की निकाल. गादीवर हे सगळे उलटे. पायात बूट. पाय रुतत नाही, त्यामुळे मातीत सवयीने जिथे अडायचे तिथे अडता येत नाही. अंगाला चोळायला माती नाही. घड्याळ चालू असते. पाठ टेकली नाही तरी कोणी किती वेळा वरचढ झाले हे पाहून पंच निकाल देतात. त्या काळी उणे गुणांची पद्धत होती : हरणाऱ्याला जास्त, चीतपट न करता नुसत्या गुणांवर जिंकणाऱ्यालाही थोडे, आणि ठरावीक उणे गुण साचले की स्पर्धेतून बाद. म्हणजे नुसते जिंकून भागत नाही, कसे जिंकलो हेही मोजले जाते. मातीतल्या पहिलवानाला हे हिशेब कोण शिकवणार? गादी तर आपल्याकडे तेव्हा दुर्मिळच होती.

लंडनला रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना थोडेफार शिकवले. तेवढ्या शिदोरीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मल्लापुढे मात्र त्यांचे चालले नाही. अखेर क्रमांक लागला सहावा.

सहावा क्रमांक. आज आपण हसून सोडून देऊ असा. पण ज्या मुलाला कॉलेजच्या स्पर्धेत घ्यायला नको म्हणत होते तो आता जगात सहावा होता, आणि तोही परक्या खेळात म्हणावे अशा प्रकारात. कोल्हापूरला परतून सत्कार घेत आयुष्य काढता आले असते. मातीत कुस्त्या करून बक्षिसेही मिळाली असती. जत्रेतल्या फडात गादी कोण विचारतो! किंवा माझ्यासारखे करता आले असते : पाय घसरला तो फरशीमुळे, निकाल लागला तो पंचांमुळे.

खाशाबांनी यातले काही केले नाही. लंडनला जे कमी पडले ते भरून काढायला त्यांनी चार वर्षे दिली. सकाळ-संध्याकाळ जोर, बैठका, सपाट्या. गादीवरच्या कुस्तीचे नियम आणि डाव समजून घेणे. वजनगट बदलून ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात गेले, म्हणजे पाच किलो वरच्या मल्लांशी गाठ. मातीतली ढाक त्यांनी टाकली नाही. तीच गादीवर बसवली. पाय रुतत नसताना कंबर कशी घालायची, घड्याळ धावत असताना क्षण कसा ओळखायचा, हे पुन्हा मुळापासून. बावीस-तेविसाव्या वर्षी, नाव झालेले असताना, पहिल्या इयत्तेत जाऊन बसण्यासारखेच हे होते. या चार वर्षांवर पुस्तकांतून एखादाच परिच्छेद असतो, कारण तालमीत रोज तेच ते घडते आणि त्याची बातमी होत नाही. पण सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

१९५२ आले, तेव्हा अडचणी मात्र गादीबाहेरच्या निघाल्या. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत बंगालच्या निरंजन दासपेक्षा त्यांना एक गुण कमी मिळाला आणि निवड हुकली. तो गुण आपल्याला मुद्दाम कमी दिला गेला असे खाशाबांचे म्हणणे होते. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. पुन्हा चाचणी झाली आणि खाशाबांनी त्याच प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले. इथे वाचताना मी पुस्तक मिटून बाजूला ठेवले. अन्याय झाला असे मलाही वाटले होते. पण मी दाद मागितली नव्हती आणि सरावही केला नव्हता. चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली असती तर मी त्या उंच मुलाला हरवले असते का? प्रामाणिकपणे सांगतो, कदाचित नाही. डाव्या हाताने चेंडू टप्पा देत नेणे मला अजून जमत नाही, आणि तो ते करतो.

निवड झाली, आता पैसे. हेलसिंकी म्हणजे फिनलंडची राजधानी. तिथवरचा खर्च शेतकऱ्याच्या मुलाने कुठून आणायचा? खाशाबांनी सरकारदरबारी हेलपाटे घातले. हाती फारसे लागले नाही. गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. कोणी रोख दिले, दुकानदारांनी दिले. तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर मराठा बँकेकडे गहाण ठेवले आणि सात हजार रुपये आणून विद्यार्थ्याच्या हाती दिले. १९५२ सालचे सात हजार! प्राध्यापक वर्गाने राग मानू नये, पण हे मी आमच्या वर्गात सांगितले तेव्हा पहिल्यांदा कोणाचा विश्वासच बसला नाही.

मला त्या वेळच्या खाशाबांच्या मनाचा विचार करवत नाही. दीड हजाराच्या बुटांचे ओझे मला उचलत नव्हते. गुरूचे घर गहाण टाकून जो मुलगा बोटीत किंवा विमानात पाय ठेवतो, त्याला झोप कशी लागत असेल?

हेलसिंकीला त्यांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. उणे गुणांच्या त्या चाळणीतून गटात शेवटी तिघे उरले : जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव आणि आपले खाशाबा. म्हणजे पदक ठरले होते, कोणते ते ठरायचे होते. इशी मुळात ज्यूदो खेळणारा. तोही दुसऱ्या विद्येतून गादीवर आलेला. त्याच्याशी कुस्ती अटीतटीची झाली आणि खाशाबा हरले. दुसरी लढत ममदबेयोवशी. या दोन लढतींच्या मध्ये नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. तसे पंचांना ठणकावून सांगायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेल्या अंगाने खाशाबा उभे राहिले आणि ती कुस्तीही गेली. तिसरा क्रमांक, कांस्यपदक. दिवस होता २३ जुलै १९५२. सुवर्ण इशीला मिळाले. त्या संपूर्ण ऑलिम्पिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्ण. आपल्या हॉकी संघाने त्याच हेलसिंकीत सुवर्ण आणले, त्यामुळे कौतुकाचा मोठा वाटा साहजिकच तिकडे गेला. कोल्हापूर भागातलेच केशव माणगावेही त्या ऑलिम्पिकमध्ये कुस्ती खेळले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. त्यांचे नाव तर आमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीनेही नाही.

अर्धा तास मिळाला असता तर काय झाले असते, यावर लोक हळहळतात. मलाही हळहळ वाटते. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लंडनला ते का हरले हे त्यांना स्वतःत शोधावे लागले. हेलसिंकीला शेवटच्या दिवशी जे कमी पडले ते त्यांच्यात नव्हते, त्यांच्या बरोबर असायला हव्या होत्या त्या माणसांत होते. चार वर्षांत इतका फरक पडला होता.

गावी परतले तेव्हा कराड स्टेशनावर माणूस मावेना. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून आणल्या होत्या. स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंतची एरवी पंधरा मिनिटांची वाट, तिला सात तास लागले म्हणतात. पोळ्याला आमच्या गावात बैल सजतात तेव्हा वीस-पंचवीस जोड्यांनी रस्ता भरून जातो. शंभर गाड्यांची रांग कशी दिसली असेल याची मी नुसती कल्पना करतो.

मिरवणूक संपली आणि खाशाबांनी जे केले ते मला पदकाइतकेच मोठे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात कुस्त्या केल्या, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले. ऑलिम्पिक पदक गळ्यात पडलेला माणूस पुन्हा मातीत उतरला तो गुरूचे कर्ज फेडायला. प्राचार्यांनी ते पैसे परत मागितले असतील असे मला वाटत नाही. घर गहाण ठेवणारा माणूस तसा हिशेब ठेवत नसतो. म्हणून तर ते फेडावे लागतात.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघा दुखावला आणि तिसरे ऑलिम्पिक राहून गेले. तीस वर्षांच्या वयात मोठी कुस्ती संपली. खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षे नोकरी केली, पोलिसांना खेळाचे शिक्षण दिले. बढत्या उशिरा आल्या. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांची ज्योत नेणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अठ्ठावन्न वर्षांचे होते.

अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर मिळाला. पद्म पुरस्कार हयातीत मिळालाच नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या संकुलाला त्यांचे नाव दिले गेले, आणि त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ठरवले. त्यांच्यानंतर भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते १९९६ साली, अटलांटाला, लिअँडर पेस यांच्या टेनिसमधून. चव्वेचाळीस वर्षांनी! महाराष्ट्राच्या खेळाडूला तर बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्य मिळवले. त्या दिवशी बातम्यांतून खाशाबांचे नाव पुन्हा घराघरात गेले.

उपेक्षेची ही हकीगत खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. वक्तृत्व स्पर्धांतून आम्ही मुले तेवढीच सांगतो, कारण ती सांगायला सोपी असते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. माझ्या पहिल्या कागदातही तीच होती. पण त्यात खाशाबा नुसते सोसणारे दिसतात, आणि ते तसे नव्हते. ते शिकणारे होते, दाद मागणारे होते आणि घेतलेले परत करणारे होते.

१५ जानेवारीचे भाषण झाले. पाच मिनिटांची साडेआठ मिनिटे झाली म्हणून घंटाही वाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर गेलो. सरांनी काही विचारले नाही, डाव्या हाताने शंभर टप्पे मारायला सांगितले. पस्तिसाव्याला चेंडू सुटून कुंपणापलीकडे गेला.

त्याच महिन्यात शनिवार-रविवार गावी जाऊन मी आईबरोबर फरदडीचा कापूस वेचला. फरदडीला बोंडे लहान, वेचायला वेळ फार. किलोमागे मिळते, त्यामुळे दिवसाकाठी हाती थोडेच येते. सहाशे रुपये झाले तेव्हा दुकानाच्या गल्लीने गेलो. दुकानदार काकांनी पैसे मोजून घेतले, वही काढून माझ्या नावापुढे सहाशे जमा लिहिले आणि चष्मा वर करून विचारले की पुढचा सामना केव्हा आहे. मी सांगितले की आधी संघात यावे लागेल, चाचणी ऑगस्टनंतर. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाईकाला साखर तोलायला लागले. माझे अजून काही रुपये त्यांच्या वहीत आहेत.

– बी. ए. द्वितीय वर्ष